सुवर्णा चौगुले यांची पोटदुखी

लियाकतभाई सतारमेकर पहिल्यांदा प्रयोगशाळेत आले, तेव्हा त्यांना बसायला खुर्ची कुणी आणली हे सुवर्णा चौगुलेनं नीट लक्षात ठेवलं. खुद्द डॉ. कवठेकरांनी आणली, आणि तीही स्वतःच्या केबिनमधली. मिरजेतल्या त्या संशोधन संस्थेत सुवर्णानं अकरा वर्षं काढली होती. एवढ्या काळात संचालकांच्या हातात फाइल आणि चहाचा कप सोडून तिसरी वस्तू तिनं पाहिली नव्हती. तसं यात रागावण्यासारखं काही नव्हतं. माणूस त्रेसष्ट वर्षांचा, तरुणपणी मोटारसायकलवरून पडून मांडीत पोलादी सळई बसलेला, लंगडत चालणारा. पण मत्सराला लंगडणं दिसत नाही, खुर्ची तेवढी दिसते. सुवर्णा आपल्या टेबलाशी गेली आणि आदल्या दिवशीच मोजून झालेली एक नळी पुन्हा मोजू लागली.

लियाकतभाईंना बोलावलं होतं ते डफासाठी. डफ हे सुवर्णाचं यंत्र. दिसायला खरोखरच छोट्या डफासारखं होतं, म्हणून सगळे त्याला तसं म्हणत. काम मात्र भलतंच होतं.

डॉक्टर बोटांनी पोट चाचपतात, आत काही टणक लागतंय का बघतात. बोटं वरवरचं सांगतात, खोलवर पोहोचत नाहीत. म्हणून तेच काम लाटेकडून करून घ्यायचं. पोटावर पट्ट्यानं डफ बांधायचा, शेजारच्या खोलीतल्या पंपातून प्लॅस्टिकच्या नळीनं त्यात हवेचे हिसके सोडायचे, आणि डफानं सेकंदाला साठ वेळा पोटावर हलकी थाप मारायची. थापेची लाट आत यकृतात शिरते. मऊ मांसात ती सावकाश जाते, म्हणून तिच्या वळ्या जवळजवळ पडतात. ताठर मांसात ती पळते आणि वळ्या लांबतात. एमआरआयचं यंत्र या वळ्या टिपतं आणि संगणक त्यावरून ताठरपणाचा नकाशा रंगवतो. मऊ ते निळं, ताठर ते लाल. पंप शेजारच्या खोलीत ठेवायचा, कारण एमआरआय म्हणजे एक दांडगं चुंबक. त्याच्याजवळ लोखंडाचा स्क्रूसुद्धा नेता येत नाही. डफात धातूचा कण नव्हता. तो तसा करण्यात सुवर्णाची पहिली चार वर्षं गेली. उरलेली सात गेली त्याचा सूर शुद्ध करण्यात. तिच्या डफातून फक्त साठचा सूर निघे, त्यात दुसरा कुठलाही सूर मिसळलेला नसे. या शुद्धतेचा तिला फार अभिमान होता.

हे सगळं सन २०३८मधलं. ताठरपणाचा नकाशा लवकरच रक्तदाबाइतका सर्रास होणार होता. राज्यातल्या प्रत्येक जिल्हा रुग्णालयात असं एक यंत्र बसवायचं ठरलं होतं आणि कुठलं बसवायचं हे सांगायला पाच जणांची समिती नेमली होती. डफाशिवाय दुसरं यंत्र समितीपुढे नव्हतं. त्याची एकच खोड होती, दर दोन महिन्यांनी त्याचा पडदा फाटायचा. पडदा, हाड आणि लाकूड यांतलं कळणारी माणसं मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या सतारी बनवतात, हे कवठेकरांना एक दिवस आठवलं आणि ते उठून सतारमेकर गल्लीत गेले.

लियाकतभाईंनी डफ कानाशी धरला. बराच वेळ ऐकला.

"ताई, सूर लई स्वच्छ हाय," ते म्हणाले. "पण जवारी बंद हाय की."

जवारी म्हणजे काय हे त्यांनी मग सगळ्यांना समजावलं. सतारीची तार ज्या हाडाच्या घोडीवरून जाते, त्या घोडीचा माथा सपाट नसतो, त्याला नखभर उतार असतो. तार थरथरताना त्या उताराला हळूच घासत जाते आणि एका सुरातून त्याच्या वरचे आठदहा सूर उमलतात. तो उतार कानशीनं काढायचा, म्हणजे जवारी काढायची. कानस एकदा जास्त फिरली की वाद्य मुकं होतं. सुवर्णा म्हणाली की वरचे सूर म्हणजे आमच्या भाषेत कचरा, तो काढायला मला सात वर्षं लागली. लियाकतभाईंनी मान डोलावली आणि म्हणाले, काढलाय मात्र झकास. त्यांनी हे कौतुकानं म्हटलं होतं. तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

पडदा दुरुस्त करून गप्प बसतील तर ते लियाकतभाई कसले. तीन आठवड्यांनी ते एक यंत्र घेऊन आले. छोट्या भोपळ्याची अर्धी वाटी, तिच्यावर ताणलेला पडदा, आणि पडद्याखाली उंटाच्या हाडाची घोडी, नखभर उताराची. हवेचा हिसका आला की पडदा त्या उताराला घासत जाई आणि साठच्या सुराबरोबर एकशेवीस, एकशेऐंशी, दोनशेचाळीस असे सगळे सूर पोटात उतरत. संस्थेतला नवा स्कॅनर हे सूर वेगवेगळे वाचू शकत होता. आजवर त्याला वाचायला कुणी दिले नव्हते, एवढंच. यंत्राचं नाव आपोआप पडलं, भोपळा. शाळेत मुलांना मिळतो तो भोपळा आता संस्थेला मिळणार, असं सुवर्णा मनात म्हणाली.

पण मिळेना. लाट जितकी आखूड, तितकी बारीक वस्तू तिला सापडते, हे गणित सुवर्णाला कुणी शिकवायला नको होतं. डफाची लाट यकृतात सुमारे अडीच सेंटिमीटरची. त्याहून पुष्कळ लहान गाठ तिच्या वळीत बुडून जाते. भोपळ्याच्या सगळ्यात वरच्या सुराची लाट सहा मिलिमीटरची. जेलीच्या नकली यकृतात बारीक मणी लपवून चाचण्या घेतल्या, भोपळ्यानं सगळे मणी शोधले. संस्थेतली माणसं लियाकतभाईंना उस्ताद म्हणू लागली. अकरा वर्षांनंतर सुवर्णा मॅडमच राहिली होती.

तिला मत्सर वाटला, आणि तो असा तसा नव्हता. लियाकतभाई आले की तिला त्यांच्या लंगडण्याचा आवाज ओळखू यायचा आणि तिची भूक जायची. त्यांनी पदवी घेतलेली नाही, त्यांना साठाचं वर्गमूळ सांगता येणार नाही, हे ती स्वतःशी मोजायची. ते तिच्याशी अदबीनं बोलत, त्याचाही तिला राग यायचा. घरी ती त्यांच्याबद्दल इतकं बोलायची, की शीतल एकदा म्हणाला, "सुवर्णा, त्या माणसाच्या यंत्रानं तुझ्या पोटात दुखतंय." शीतल म्हणजे तिचा नवरा; सांगली-मिरजेकडच्या जैनांत हे पुरुषाचं नाव असतं. तो हायस्कुलात भूगोल शिकवायचा आणि बायकोला ओळखायचा.

दोन्ही यंत्रांची तुलना एकाच पोटावर करायची ठरली. आधी आपल्या पोटावर, मग रुग्णाच्या, हा नियम सुवर्णानंच संस्थेत घालून दिला होता. लियाकतभाईंच्या मांडीत सळई, त्यांना चुंबकाच्या खोलीत पाऊल टाकायची बंदी. ते काचेपलीकडे उभे राहिले. म्हणून दोन्ही वेळा पोट सुवर्णाचंच.

डफ तिला पाठ होता. मग भोपळा बांधला. थाप सुरू झाली आणि तिच्या बरगड्यांखाली कुणीतरी तंबोरा छेडल्यासारखं वाटलं, पार पाठीपर्यंत. ते तिला आवडलं. आवडलं म्हणून ती चिडली आणि उरलेला वेळ डोळे मिटून पडून राहिली.

बाहेर आल्यावर तिनं संगणकाच्या पडद्यावर दोन्ही नकाशे शेजारी शेजारी लावले. डफाचा नकाशा एकसारखा निळा. भोपळ्याचाही निळा, पण उजव्या बरगडीखाली एक लाल ठिपका. सात मिलिमीटर. भोवतालच्या मांसाच्या चौपट ताठर.

इथे तिला सगळ्यात आधी काय वाटलं ते सांगायला हवं, मग ते कितीही वाईट दिसो. तिला आनंद झाला. भोपळा खोटं बोलताना सापडला, असं तिला वाटलं.

समितीपुढे ती अर्धा तास बोलली आणि उत्तम बोलली. वरचे सूर बरगडीवर आपटून परततात, एकमेकांत मिसळतात, आणि जिथे काही नाही तिथे गाठ असल्याचा भास होतो, हे तिनं आकृत्या काढून दाखवलं. असं होऊ शकतं हेही खरं होतं. "डफ शुद्ध आहे, त्याला बारीक दिसत नसेल, पण तो खोटं सांगत नाही," ती म्हणाली. "भोपळा थापा मारतोय." लोक हसले. अध्यक्षांनी लियाकतभाईंना त्यांचं म्हणणं विचारलं.

"माझं यंत्र खोटं बोलत असंल तर लई चांगलं होईल, साहेब," ते म्हणाले.

हा नम्रपणाचा तोरा आहे, असं सुवर्णाला वाटलं. समितीचे सचिव हसूरकर यांनी सगळं हातानं लिहून घेतलं. बैठकांचं इतिवृत्त यंत्रं लिहू लागून दहा वर्षं झाली होती, पण हसूरकरांचा यंत्रांवर विश्वास नव्हता. त्यांनी लिहिलं: सदर ठिपका हा भोपळा या यंत्राचा दोष असल्याचे श्रीमती चौगुले यांनी स्पष्ट केले. निर्णय पुढच्या बैठकीत, तीन आठवड्यांनी.

बाहेर पडताना कवठेकरांनी तिला थांबवलं. ते म्हणाले, साध्या एमआरआयमध्ये त्या जागी काही स्पष्ट दिसत नाही, पण एवढ्या लहान जागेबद्दल तो तसाही काही सांगू शकत नाही. सुईनं तुकडा काढून तपासला की विषय संपेल. पोटात कधी दुखतं का, असंही त्यांनी डॉक्टरी सवयीनं विचारलं. नाही म्हणताना सुवर्णाला हसू आलं. सुई घ्यायचीही गरज नाही म्हणाली, आणि निघाली.

त्या संध्याकाळी ती बऱ्याच दिवसांनी, घरच्या जैन रिवाजाप्रमाणे, सूर्यास्ताच्या आत जेवायला घरी पोहोचली. एरवी तिचं ताट झाकून ठेवलेलं असे आणि ती सूर्यास्त उलटला म्हणून दूध पिऊन झोपे. आज तिनं दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि समितीचं सगळं रंगवून सांगितलं. शीतल ऐकता ऐकता जेवायचा थांबला.

"म्हणजे तुझ्या यकृतात गाठ आहे असं यंत्र म्हणतंय?"

"यंत्र नाही रे. भोपळा."

"आणि तू सुई घ्यायला नाही म्हणालीस."

ती म्हणाली की सुई घेतली तर मी स्वतःच शंका घेतल्यासारखं होईल, समितीला काय वाटेल. शीतलनं ताट बाजूला सारलं. मग त्यानं वर्गात विचारतात तशा शांत आवाजात विचारलं, "तुकड्यात काही निघालं नाही तर तू बरी आणि तो हरला. निघालं तर तू आजारी आणि तो जिंकला. यातलं तुला जास्त भय कशाचं वाटतं?"

उत्तर तिला ताबडतोब कळलं होतं आणि ते नवऱ्याला सांगण्यासारखं नव्हतं. शीतल उठून अंगणात गेला आणि बराच वेळ आत आला नाही. तिला त्याच्याकडे जायचं होतं, पण ती ताटं आवरत बसली.

आठ दिवसांनी दुपारी ती सतारमेकर गल्लीत गेली. लियाकतभाईंकडून कबुली घ्यायची, असं ठरवून गेली होती. आपल्या घोडीत दोष आहे एवढं त्यांनी एकदा तोंडानं म्हटलं, की सगळं सुटसुटीत होणार होतं. दुकानात सतारीचे सांगाडे टांगलेले होते, लाखेचा वास होता आणि लियाकतभाई जमिनीवर बसून हाड घासत होते. त्यांच्यापुढे हाडाच्या घोड्या मांडलेल्या होत्या. तिनं मोजल्या, नऊ होत्या.

"या ताई," ते म्हणाले. "तुमचंच काम चाललंय."

समितीच्या बैठकीच्या दुसऱ्या दिवसापासून ते तेच करत होते. प्रत्येक घोडीचा उतार वेगळा काढायचा, रात्री संस्थेत जाऊन ती भोपळ्यात बसवायची आणि तिथल्या तंत्रज्ञाकडून नकली यकृतावर लावून घ्यायची. त्यातून एकदा तरी, जिथे मणी नाही तिथे, ठिपका उमटावा एवढीच त्यांची इच्छा होती. यंत्र खोटं पडावं म्हणून त्यांचा जीव वरखाली होत होता. त्यांची सून आतून म्हणाली, की ते धड जेवतसुद्धा नाहीत.

"नऊ घोड्या झाल्या," लियाकतभाई म्हणाले. "एक बी खोटं बोलली न्हाई, ताई. काय करू सांगा."

सुवर्णा शेजारच्या वेताच्या मोढ्यावर बसली. तिला आता भीती वाटायला हवी होती आणि वाटलीही. पण त्या भीतीच्या आधी, क्षणभर का होईना, दुसरंच काहीतरी येऊन गेलं. आपण अकरा वर्षांत आपलं यंत्र खोटं पाडायला एकदाही बसलो नाही, हे तिला दिसलं, आणि या माणसाला तेही जमतं म्हणून ती पुन्हा जळली.

लियाकतभाईंनी गल्ल्यावरच्या वहीतून एक कागद काढून तिच्या हातात दिला. तो त्यांनी आधीच लिहून ठेवला होता. मी लियाकत दस्तगीर सतारमेकर लिहून देतो की माझे भोपळा हे यंत्र सदोष असून ते मी समितीपुढून मागे घेत आहे. खाली सही होती, तारीख मोकळी सोडली होती.

"तारीख तुम्ही घाला. तुमचा डफच जाऊ द्या सगळीकडं, मला काय, मला सतारी हायत," ते म्हणाले. "पण सुई घ्या. माझ्यापायी नको म्हणू नका. घरात तुमची माणसं हायत."

तिनं तो कागद परत द्यायला हवा होता. तिनं तो घडी करून पर्समध्ये ठेवला.

सुई तिनं त्याच आठवड्यात घेतली. शीतल बाहेर बाकावर बसला होता, आणि दोघं अजून नीट बोलत नव्हती. सुईच्या आधी केलेल्या रक्ततपासणीत यकृताचा एक जुना विषाणू सापडला. लहानपणीच्या काविळीबरोबर आलेला असावा, आणि चाळीस वर्षं मुकाट्यानं बसून होता. चार दिवसांनी कवठेकरांनी अहवाल तिच्यापुढे ठेवला. कर्करोग होता. अगदी सुरुवातीचा, एकच ठिकाण. एवढा लहान असताना कातडीतून सुई घालून तिच्या टोकाच्या उष्णतेनं तो जागच्या जागी जाळता येतो, दुसऱ्या दिवशी घरी जाता येतं.

"डफाला तो कधी दिसला असता?" शीतलनं विचारलं.

कवठेकर उत्तर द्यायला लागले, पण सुवर्णाच बोलली. डफाला दिसायला तो निदान दोन सेंटिमीटरचा व्हावा लागला असता. त्याला बहुधा दीड वर्ष लागलं असतं, आणि तोवर तो एका जागी राहिला असता याची खात्री नाही. हे सांगताना तिचा आवाज तुलनेचा तक्ता वाचावा तसा सपाट होता. शीतलनं सगळ्यांदेखत तिचा हात धरला. घरी जाईपर्यंत त्यानं तो सोडला नाही.

त्या आठवड्यात ती रडली, घाबरली, आईच्या फोटोशी जाऊन बसली. आणि यातल्या कुठल्याही वेळी मत्सर गेला नाही, हेही खरं. जीव वाचला या आनंदातसुद्धा तिला टोचत होतं की तो त्यानं वाचवला. पर्समध्ये आता दोन कागद होते. तारीख नसलेलं पत्र आणि तारीख असलेला अहवाल. पत्र समितीपुढे ठेवलं तर डफ सगळ्या जिल्ह्यांत जाणार होता. लियाकतभाई एक अक्षर बोलणार नाहीत याची तिला खात्री होती, आणि अहवाल रुग्णाच्या परवानगीशिवाय कुणाला दाखवायचा नाही, या नियमानं कवठेकरांचंही तोंड बांधलेलं होतं. रुग्ण तीच होती. कुणी तिला विचारायला येणार नव्हतं. हा विचार तिनं दोन दिवस केला, चांगला सविस्तर केला. भंडारा, परभणी, नंदुरबार, कुठल्या रुग्णालयात डफ कुठल्या खोलीत बसेल इथपर्यंत केला. मग तिला त्या खोल्यांत डफाखाली पडलेली पोटं दिसू लागली, एकसारखी निळी. त्यांतल्या एकाही पोटाला दुसरं यंत्र बांधलं जाणार नव्हतं.

बैठक सकाळी अकराला होती. समितीचे पाच जण, कवठेकर, हसूरकर, आणि भिंतीशी खुर्चीवर लियाकतभाई. त्यांनी तिच्याकडे बघितलं. अहवालाचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ते तिच्या चेहऱ्यावरून वाचायला बघत होते. तिनं मान वळवली.

विषय क्रमांक एक नेहमीचाच असतो, मागील बैठकीचं इतिवृत्त वाचून कायम करणं. हसूरकर वाचत जातात, बाकीचे चहा ढवळतात आणि शेवटी अध्यक्ष कायम म्हणतात. सुवर्णानं असल्या पन्नास बैठकांत कायम हा शब्द चहाबरोबर गिळला होता. हसूरकरांनी वाचलं: सदर ठिपका हा भोपळा या यंत्राचा दोष असल्याचे श्रीमती चौगुले यांनी स्पष्ट केले.

"कायम?" अध्यक्षांनी विचारलं.

सुवर्णानं पर्समध्ये हात घातला. घडीवरूनच तिला कुठला कागद कुठला ते कळत होतं. तिनं अहवाल काढून टेबलावर अध्यक्षांच्या दिशेनं सरकवला.

"दुरुस्ती आहे," ती म्हणाली. "ठिपका यंत्राचा नाही. माझा आहे."

चमचे थांबले. मागे भिंतीशी लियाकतभाईंची खुर्ची करकरली आणि त्यांच्या तोंडून अल्लाचं नाव निघालं, अगदी हळू. तिनं वळून पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर तिला पुढचं बोलता आलं नसतं. पुढचं एवढंच होतं की डफ मी मागे घेते, आणि भोपळा का चालतो याची गणितं मी लिहून देईन, ती दुसऱ्या कुणाला जमणार नाहीत. हे शेवटचं वाक्य तिनं ठासून म्हटलं.

हसूरकरांनी आधीची ओळ पट्टी धरून खोडली. वर बारीक अक्षरात दुरुस्ती लिहायला घेतली आणि पेन थांबवून मान वर केली.

"मॅडम, इतिवृत्तात 'माझा' लिहिता येत नाही," ते म्हणाले. "कुणाचा ते पूर्ण नावानिशी सांगा."

"सुवर्णा शीतल चौगुले यांचा," ती म्हणाली, आणि त्यांनी ते लिहून होईपर्यंत उभी राहिली.